स्थपती बाळकृष्ण दोशी आणि वाढते घर

(वारंगा फाटा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक संमेलनाच्या चालकांनी आम्हांस दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. विषय कळविल्यावर मात्र एकदोन मंडळींनी सौम्य शब्दांत पृच्छा केली की, हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, त्यांची मातृभाषाही मराठी नव्हे. मग आपल्या व्यासपीठावर त्यांचे चरित्र कशासाठी? पृच्छा रास्त आहे आणि तिचे उत्तर आधी देणे बरे.

घर बांधणे हे आज आपल्या समाजातील सर्वांत मोठे कृत्य होऊन बसले आहे. रस्ता चौपदरी झाला, ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मावेजा मिळाला, आणि त्या पैशाच्या मोठ्या वाट्याचे सिमेंट झाले. मुलीच्या लग्नासाठी आपण चार ठिकाणी चौकशी करतो, बैल घेताना त्याचे दात पाहतो; घर बांधताना मात्र शेजाऱ्याने जसे बांधले तसेच, पण एक मजला अधिक, एवढाच विचार करतो. घर म्हणजे काय, गल्ली म्हणजे काय, वस्ती कशी वाढते, या प्रश्नांवर ज्या माणसाने सत्तर वर्षे विचार केला आणि त्याप्रमाणे बांधूनही दाखविले, त्याची ओळख आपणांस असावी, एवढाच आमचा हेतू आहे. शिवाय तो माणूस पुण्यास जन्मला आणि मुंबईत शिकला. त्यास परका म्हणणे आम्हांस जड जाते.

बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी पुण्यात एका गुजराती वैष्णव कुटुंबात झाला. आई दहा महिन्यांचे मूल मागे ठेवून गेली. घर एकत्र कुटुंबाचे, धंदा लाकडी सामानाचा. आजोबांच्या कार्यशाळेत रंध्याखालून निघणारी साल, सांधा कसा बसतो आणि कशाने सुटतो, हे त्यांनी अक्षरओळखीच्या वयात पाहिले. अकराव्या वर्षी आगीच्या एका अपघातात पायास इजा झाली आणि चाल किंचित अधू झाली, ती जन्मभर. कुटुंबात माणसे वाढली तसे घर वाढले, खोल्या जोडल्या गेल्या, मजला चढला. हे वाढते घर त्यांच्या मनात कायमचे राहिले असावे असे त्यांचे पुढील काम पाहता वाटते. स्थपतीचे पहिले विद्यापीठ त्याचे बालपणीचे घर असते, असे आमचे मत आहे. ते कोणास मान्य नसेल तर त्याबद्दल वाद घालणार नाही.

१९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत वास्तुकलेसाठी नाव घातले. अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच १९५० च्या सुमारास ते लंडनला गेले. तेथे १९५१ साली हॉड्सडन या गावी आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, आणि परिषदेचा विषय होता शहराचे हृदय. चंडीगडची आखणी त्या सुमारास ल कॉर्बुझिए या विख्यात स्थपतीकडे आली होती. या परिषदेमुळे त्यांच्याकडे काम करण्याची वाट उघडली. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून पाठवा, असा निरोप मिळाला. अर्ज गेला आणि हा तरुण पॅरिसला पोचला. फ्रेंच भाषेचा गंध नव्हता. पहिले आठ महिने वेतनही नव्हते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याकडे मुलगा पदवी घेऊन येतो आणि पहिल्याच महिन्यात किती मिळणार हे विचारतो. विचारू नये असे नव्हे. घरची चूल पेटवायची असते. पण थोर कारागिराच्या हाताखाली बसण्यास मोल द्यावे लागते ही जुनी समज सुतार-लोहारांच्या घरांतून जशी होती तशीच पॅरिसमध्येही होती, हे ध्यानात यावे.

१९५४ च्या सुमारास ल कॉर्बुझिए यांच्या अहमदाबादेतील इमारतींवर देखरेख करण्यासाठी ते परतले. गिरणीमालक संघाची इमारत, साराभाई आणि शोधन यांची घरे, शहराचे संग्रहालय ही ती कामे. १९५६ साली त्यांनी 'वास्तुशिल्प' या नावाने स्वतःचे कार्यालय काढले आणि तेव्हापासून अहमदाबाद ही त्यांची कर्मभूमी झाली. गुरूचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. पण शिष्याने गुरूच्या घराचीच नक्कल बांधीत बसावे, हेही त्यांनी केले नाही. ल कॉर्बुझिए यांचे काँक्रीट धिप्पाड आणि उन्हात ठाम उभे राहणारे. दोशी हळूहळू सावलीकडे, ओट्याकडे, चौकाकडे आणि वळणाच्या वाटेकडे वळले. १९६२ साली अहमदाबादेच्या व्यवस्थापन संस्थेसाठी लुई कान या अमेरिकन स्थपतीस आणण्यात त्यांचा पुढाकार होता. एवढे मोठे काम हाती येत असताना ते आपल्याहून मोठ्या माणसाच्या हाती देऊन स्वतः सहायक होण्यास जो तयार होतो, त्याच्या मनाचा मोठेपणा वेगळा सांगावा लागत नाही. कान १९७४ च्या मार्च महिन्यात अहमदाबादेहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावरच वारले.

आता प्राध्यापकाकडे वळू. १९६२ साली अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या आश्रयाखाली वास्तुकलेची शाळा निघाली. दोशी तिचे संस्थापक संचालक. १९७२ साली तेथेच नगररचनेची शाळा निघाली, तिचेही तेच पहिले संचालक. या शाळांभोवती जी संस्था वाढली ती 'सेप्ट' या नावाने प्रसिद्ध असून २००५ पासून ती विद्यापीठ आहे. त्या शाळेची इमारत त्यांनीच रचली आणि आमच्या मते तीच त्यांची पहिली पाठ्यपुस्तिका होय. विटांच्या उंच भिंती, उत्तरेकडून येणारा मवाळ उजेड, खाली मोकळा सावलीचा तळ, आणि वर्गांना दारे म्हणून जवळजवळ नाहीतच. शेजारच्या वर्गात काय चालले आहे ते कानी पडावे, जिन्याच्या पायरीवर बसलेल्या पोरांचा वाद जाणाऱ्या-येणाऱ्याने ऐकावा, अशी ती योजना. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने नगररचना ऐकावी आणि नगररचनाकाराने चित्रकाराशी बोलावे हा हट्ट. दाराशी चपराशी बसविला की शाळेची अब्रू वाढते असे समजणाऱ्या आपल्या संस्थाचालकांनी ती शाळा एकवार पाहून यावी.

पुढे अमेरिकेतील विद्यापीठांनीही त्यांना अध्यापनासाठी बोलाविले आणि ते तेथे शिकवीत राहिले. त्याचा तपशील येथे सांगत नाही.

नगररचना ही विद्या आपल्याकडे फार जुन्या काळापासून आहे, आणि तिचा आधुनिक अवतारही आपल्याच प्रांताशी जोडलेला आहे. देशातील पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. त्याच काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ हिंदुस्थानात आले होते. ते मुळात जीवशास्त्राचे अभ्यासक. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, मालवणकडचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या विलायतेतील शिक्षणाची वाट त्यांच्याच शिफारशीने मोकळी झाली आणि गेडिस यांच्यामागून ते त्या विभागाचे प्रमुख झाले. शहर हे सजीव आहे, त्याचा रोगट भाग कापताना निरोगी भागास धक्का लागू नये, अशी गेडिस यांची शिकवण. होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी १९१८ साली अहवाल लिहिला. तेथे प्लेग होता आणि लोक नगररचनाकारास घर पाडणारा म्हणून भीत असत. गेडिस यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढविली आणि जाहीर केले की, जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरूनच ती जाईल. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी घरे झाडली, रंगविली, उकिरडे उपसले. हुकमाने जे झाले नसते ते हौसेने झाले.

हा आडमार्ग आम्ही मुद्दाम धरला, कारण पासष्ट वर्षांनी त्याच इंदुरात दुसऱ्या एका प्राध्यापक नगररचनाकाराने आपल्या आयुष्यातील, आमच्या मते, सर्वांत मोठे काम केले. त्या वसाहतीचे नाव 'अरण्य'. तिच्यावर थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे.

इंदूर विकास प्राधिकरणाने शहराबाहेर सुमारे ८५ हेक्टर जमीन या कामासाठी दिली. वसाहत मुख्यतः गरिबांसाठी होती. सुमारे ६,५०० भूखंडांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी राखले होते. सरकारी वहिवाट अशी की, अशा कामात एकसारख्या चाळी किंवा डबेवजा खोल्या बांधाव्यात, किल्ल्या वाटाव्यात, आणि फीत कापून मोकळे व्हावे. दोशी आणि त्यांच्या 'वास्तुशिल्प' प्रतिष्ठानने आधी इंदूरच्या झोपडपट्ट्या पाहण्याचे ठरविले. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील मंडळी या पाहणीत सोबत होती. त्यांनी घरे मोजली, गल्ल्या मोजल्या, कोण कोठे बसते, भांडी कोठे घासतात, गाय कोठे बांधतात, दुकानाची फळी कोठे लागते, झाडाखाली काय चालते, हे सगळे कागदावर उतरविले. निष्कर्ष असा निघाला की, दरिद्री माणूस अडाणी बांधकाम करीत नाही. त्याच्या हाती पैसा थोडा असतो म्हणून तो घर एका दमात बांधत नाही. वर्षांमागून वर्षे, भिंत भिंत करीत बांधतो. आणि निम्मे आयुष्य घराच्या आत नव्हे, तर घर आणि गल्ली यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे पायरीवर, ओट्यावर, पडवीत काढतो.

म्हणून 'अरण्य'मध्ये घर दिले नाही. घराची सुरुवात दिली. लहानातला लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरांचा. त्यावर जोते घातलेले, संडास-न्हाणीची व्यवस्था केलेली, पाणी, वीज आणि मलनिःसारण आणून पोचविलेले. पुढचे ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे. कसे बांधता येईल याचे नमुने म्हणून दोशींनी ८० घरे स्वतः बांधून दाखविली: कोणाची पायरी बाहेर, कोणाचा सज्जा, कोणाची गच्ची, कोणाच्या घराचा दर्शनी भाग दुकानाचा. दहा-दहा घरांचे गट, मध्ये सामाईक अंगण. वीस घरांमागे एक मलकुंड. पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांची लांबी कमी व्हावी म्हणून सेवाखोल्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. ही गोष्ट लहान दिसते. पण नळ जितका लांब तितका खर्च अधिक आणि गळतीही अधिक, हे ज्याने एकदा तरी रस्ता खोदून नळ दुरुस्त केला आहे त्यास सांगावे लागत नाही.

आणि पैसा कोठून आला? मोठ्या रस्त्यालगतचे आणि कडेचे मोठे भूखंड मध्यम व वरच्या उत्पन्नाच्या लोकांस चढ्या किमतीस विकले, दुकानांच्या जागा विकल्या, आणि त्या नफ्यातून आतील गरिबांच्या भूखंडांची किंमत उतरविली. रस्त्याच्या तोंडाला श्रीमंताने भरलेले पैसे आतल्या गल्लीतील विधवेच्या जोत्यापर्यंत पोचले. आपल्या गावगाड्यात असा न्याय कधीकाळी धर्मादायातून होत असे. येथे तो नकाशातून झाला. या कामास १९९३ ते १९९५ या फेरीत आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पुढे या वसाहतीत ऐंशी हजारांहून अधिक लोक राहू लागले.

सर्व काही योजल्याप्रमाणे झाले असे मात्र कोणी समजू नये. काही गरीब कुटुंबांनी भूखंड विकले. अधिक ऐपतीच्या लोकांनी ते घेऊन वर मजले चढविले. नमुन्याच्या ८० घरांपैकी अनेक आज ओळखू येत नाहीत. टीकाकार हे अपयश म्हणतात. आमचे मत निम्मे त्यांच्यासारखे आहे. भूखंड गरिबाच्या हातून सुटला हे वाईट, आणि नकाशाने ते थांबविता येत नाही, त्यास दुसरे उपाय लागतात. पण घर ओळखू येईनासे झाले हे अपयश कसे? ते वाढावे म्हणूनच तर अर्धे ठेवले होते. वाढलेल्या मुलाचा बाळपणीचा सदरा त्यास होत नाही म्हणून कोणी रडत नाही.

'अरण्य'च्या आधी अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी त्यांनी ३२४ घरांची वसाहत बांधली होती. तेथेही हीच दृष्टी. तीन थर, खालचे घर मोठे, वरचे त्याहून लहान, सर्वांत वरचे सर्वांत लहान, पण ज्याचे घर लहान त्याच्या वाट्यास मोकळी गच्ची मोठी. एकाच जिन्यावर अधिकारी आणि कारकून शेजारी झाले. हैदराबादेस इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाची आणि बडोद्यास खत कारखान्याची कर्मचारी वसाहत, जयपूरजवळच्या विद्याधर नगराची १९८० च्या दशकातील आखणी, बंगळुरूची व्यवस्थापन संस्था, ही कामे केवळ नावानेच सांगून पुढे जातो. जयपूरची मूळ रचना अठराव्या शतकात करणाऱ्या विद्याधराचे नाव त्या नव्या नगरास मिळाले, एवढे ध्यानात असावे.

'संगाथ' या त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाविषयी मात्र दोन शब्द. १९८० साली ते उभे राहिले. 'संगाथ' म्हणजे सोबत. इमारत अर्धी जमिनीत उतरलेली, वर लांबट कमानी छपरे, आणि त्या छपरांवर फुटक्या चिनीमातीच्या फरशांचे पांढरे तुकडे बसविलेले. अहमदाबादेचे ऊन आपल्या हिंगोलीच्या उन्हाहून सौम्य नाही. पांढरा तुकडा ऊन परतवितो, जमीन गारवा देते, पावसाचे पाणी छपरावरून पन्हाळीने उतरून अंगणात खेळते. आता आपल्या फाट्यावर मे महिन्याच्या दुपारी कोणत्याही नव्या घराच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसा. स्लॅब तव्यासारखा तापलेला असतो, आणि म्हातारी माणसे खाली दुकानाच्या शटरसमोर रस्त्याच्या कडेला खाट टाकून बसलेली असतात. ज्या घरास दहा-वीस लाख लागले त्यात दुपारी बसता येत नाही. फुटक्या फरशांचे तुकडे तर कोणत्याही फरशीवाल्याकडे पडलेले असतात.

मानसन्मान पुष्कळ झाले. १९७६ साली पद्मश्री, २०१८ साली प्रित्झ्कर पुरस्कार, जो मिळविणारे ते पहिले भारतीय, २०२० साली पद्मभूषण, २०२२ साली ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे राजसुवर्णपदक. २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादेत वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले आणि दुसऱ्याच दिवशी मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

आता आपल्या फाट्याकडे येऊ. अकोल्याकडून वाशीम, हिंगोली करीत नांदेडास जाणारा रस्ता आणि नागपूर, यवतमाळ, उमरखेड, हदगाव करीत येणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. फाटा म्हणजे गाव नव्हे. गावास पांढरी असते, वेस असते, पार असतो. फाट्यास काहीच नसते. आधी मोटार थांबते, मग चहाची टपरी येते, मग चाकात हवा भरणारा, मग खताचे दुकान, मग दवाखाना, आणि एके दिवशी लक्षात येते की येथे मुले जन्मली, वाढली, त्यांची लग्ने झाली. आखणी कोणी केलीच नाही. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. पण कायद्याचा नकाशा येण्याआधी विटांची गाडी येते. सगळ्या घरांचे तोंड हमरस्त्याकडे, पाठीमागे सांडपाणी. लहान मुलास शाळेत जाण्यास चौपदरी रस्ता ओलांडावा लागतो. हळद हे आपल्या जिल्ह्याचे मोठे पीक. शिजविलेली हळद वाळविण्यास अंगण लागते, आणि नव्या घरांस अंगणच ठेवलेले नाही.

जुन्या घराचे गोडवे गाण्याचा मोह येथे होतो. माळवदाचे घर, ढाळज, ओसरी, परसू, उन्हाळ्यात थंड, थंडीत ऊबदार. सर्व खरे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट मराठवाड्यातील माणसाने विसरू नये. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर मातीचे वजनदार माळवद. त्याखालीच हजारो माणसे झोपेत गाडली गेली. आपल्या जिल्ह्यातही २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी साडेचार तीव्रतेचे धक्के बसले, ते येथील पुष्कळांनी अनुभवले आहेत. तेव्हा जुने घर होते तसे परत आणावे असे आमचे म्हणणे नाही. त्याची सावली, ओसरी आणि अंगण घ्यावे. भिंती मात्र आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या, छप्पर हलके, आणि काम जाणत्या अभियंत्याच्या नजरेखाली. दोशीदेखील पॅरिसचे काँक्रीट टाकून देऊन माळवदाकडे गेले नव्हते. दोन्हींतले उपयोगी तेवढे घेतले.

मंडळाच्या नावाने हमरस्त्यालगत जी वीस गुंठे जागा आहे, तिचे काय करावयाचे हा प्रश्न उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. एक पक्ष म्हणतो मोठे मंगल कार्यालय बांधावे. दुसरा म्हणतो नांदेड-हिंगोलीस शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी वसतिगृह बांधावे. तिसरा, आणि तो संख्येने लहान नाही, म्हणतो की भूखंड पाडून केवळ आपल्या ज्ञातीची वसाहत करावी. पैसा तिन्हींपैकी एकासही पुरेसा नाही, आणि तरीही भांडण तिन्ही पक्षांचे पुरेपूर आहे.

आमचे मत विचारले म्हणून सांगतो. रस्त्याच्या तोंडाला आठ दुकाने काढावीत आणि ती बाजारभावाने भाड्याने द्यावीत. त्यात ज्ञातीची सवलत ठेवू नये, कारण सवलतीच्या दुकानातून वसतिगृह चालत नाही. त्या भाड्यावर मागे वसतिगृहाचे जोते आणि न्हाणी-संडास यांचे काम याच वर्षी पुरे करावे, आणि खोल्या चार आज, चार दोन वर्षांनी, अशा चढवीत जाव्यात. पाया मात्र पहिल्याच दिवशी दोन मजल्यांचा घालावा. मध्ये अंगण मोकळे सोडावे. लग्नसराईत त्यावर मांडव पडेल, एरवी मुले बसतील, हंगामात हळद वाळेल. निराळ्या मंगल कार्यालयाची गरज मग कितपत उरते ते पाहावे.

वसाहतीविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. एकाच ज्ञातीची आळी ही गोष्ट आपल्या गावांना नवी नाही. तिचे फळ काय निघाले हेही आपणांस ठाऊक आहे. वसतिगृहातील चार खाटांपैकी एक इतर समाजातील गरजू मुलासाठी असावी असा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्यास विरोध होईल हे जाणून आहोत. वर्गणी ज्ञातीची आणि खाट दुसऱ्यास, असे कोणी म्हणेल. त्यावर आमचे म्हणणे एवढेच की, दुकानांत जी गिऱ्हाइके येतील ती सर्व समाजांतील असतील, आणि वसतिगृहाचे भाडे त्यांच्याच खिशातून निघणार आहे.

जागेचा मोजणी केलेला नकाशा मांडवाच्या दक्षिणेकडील खांबास लावला असून शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. ऊन कोणत्या बाजूने येते, पाणी कोठे तुंबते, एसटी कोठे थांबते, हे ज्याच्या त्याच्या माहितीप्रमाणे त्यावर लिहावे. विहिरीची आणि कपडे वाळत घालण्याची जागा भगिनींनी आधी पाहून खूण करावी, ती पुरुषांच्या ध्यानात येत नाही. नकाशा उद्या सकाळी दहापर्यंत तेथेच राहील.